दादाचा तळहात

माझ्या थोरल्या भावाला गॅरेजमध्ये येणारी माणसं ‘काटा’ म्हणतात. काटा म्हणजे वजनाचा काटा. मोटरसायकल समोर उभी राहिली की तो तिच्या मागच्या सीटवर उजवा तळहात ठेवतो, अंगाचा भार देऊन एकदा खाली दाबतो, सोडतो, पुन्हा दाबतो आणि मग सांगतो की हिचे शॉक किती चाललेत आणि अजून किती चालतील. बत्तीस वर्षं त्याने हेच काम केलं. इंजिनाला तो हात लावत नाही. कुणी कार्ब्युरेटरबद्दल विचारलं तर हात झटकून म्हणतो, “गाडी पळवायचं काम दुसऱ्याचं. मी तिला जमिनीला चिकटवून ठेवतो.”

त्याचं गॅरेज म्हणजे टायरच्या दुकानाला लागून असलेली एक खोली. पुढे शटर, मागे मोरी आणि नळ. भिंतीवर प्रत्येक पान्याच्या मागे त्या पान्याचा आकार पांढऱ्या रंगाने काढलेला, त्यामुळे कुठला पाना जागेवर नाही हे दारातून दिसतं. एक उंच स्टूल गिऱ्हाइकासाठी. त्यावर बसलेल्या माणसाला दादा नेहमी एकच प्रश्न विचारतो, “वजन किती?” आणि माणसं नेहमी खोटं बोलतात. एकदा एक पोट सुटलेले गृहस्थ म्हणाले, “ऐंशी.” दादाने त्यांना गाडीवर बसवलं, मागे हात ठेवला आणि म्हणाला, “शहाण्णव. घरी बायकोला ऐंशी सांगा, माझी हरकत नाही. पण स्प्रिंगला खरं सांगावं लागतं.” पलीकडच्या टायरच्या दुकानातून वजनाचं मशीन आणलं. त्यावर साडेपंचाण्णव भरले. दादा म्हणाला, “किल्ल्यांचा जुडगा सीटवर राहिला असेल.”

मी फिजिक्सची पदवी घेतली. स्प्रिंगचा नियम मी कागदावर शिकले, दादा तो हातावर शिकला. त्यामुळे त्याचं काम मला कळतं, निदान इतकं कळतं की त्यात जादू नाही. स्प्रिंग वजन उचलते. तिच्या आत नळीत तेल असतं, ते स्प्रिंगला आवरतं. तेल नसेल तर स्प्रिंग एकदा दबल्यावर उसळतच राहील. शॉक जुना झाला की बहुतेक वेळा आधी तेलाचा दम जातो, आणि मग दाबून सोडलेली सीट वर येताना तळहाताला खालून एक झटका बसतो, वाऱ्याने खिडकीचं दार आपटावं तसा. दादाचा सगळा कायदा त्या झटक्यावर उभा होता. झटका लागला की शॉक नापास. नाही लागला की पास. टेप नाही, गेज नाही, काही नाही. कुणी मोजायचं नाव काढलं तर तो म्हणायचा, “टेपने शॉक कळत असते तर शिंप्यांनी गॅरेज उघडली असती.”

माझी लेक सव्वीस वर्षांची आहे. नकाशे काढणाऱ्या एका ऑफिसात नोकरी करते. गेल्या वर्षी तिने लांब पल्ल्याची एक मोठी मोटरसायकल घेतली, पंचावन्न हजार किलोमीटर धावलेली. पुढे काच, दोन्ही बाजूंना लोखंडी पेट्या, मागे ऐसपैस सीट. या शनिवारी पहाटे ती आणि तिची मैत्रीण बारा दिवसांच्या प्रवासाला निघणार होत्या. दोघी एकाच गाडीवर, पेट्या भरलेल्या, आणि वाटेत सलग चार घाट. मी नकाशावर ते घाट पाहिले होते. आतडी पसरल्यासारखा दिसत होता तो रस्ता. मी काही बोलले नाही. बोलायची सोय नव्हती. या घरात मी काही बोलले की त्याला ‘आईचं सुरू झालं’ म्हणतात.

एकच गोष्ट मागितली. निघण्याआधी गाडी मामाला दाखव.

“दाखवणारच होते,” लेक म्हणाली. “मामाने हात ठेवल्याशिवाय मी तरी कशी जाईन?”

मंगळवारी दुपारी आम्ही दोघी गॅरेजमध्ये गेलो.

“या काळजीबाई,” दादा मला म्हणाला. लहानपणापासूनचं हे माझं नाव. “आज काय पडलंय आकाशातून?”

“माझी गाडी पडायची आहे घाटातून,” लेक म्हणाली. “आईने स्वप्नात पाहिलंय.”

“मग गाडीला पॅराशूट लावू.”

दोघं हसली. मी पण हसले. दादाने गाडी शटरच्या आत घेतली, मेन स्टँडवरून उतरवून लेकीला धरायला सांगितली आणि सीटवर हात ठेवला. खाली दाबलं. सोडलं. पुन्हा. मला वाटलं, सीट वर आली ती थांबली नाही, आणखी एकदा हलली आणि मग थांबली. पण दादा तोंडाने ‘हं’ म्हणाला आणि त्याच्या ‘हं’पुढे माझ्या डोळ्यांना कोण विचारतो?

“ठीक आहेत,” तो म्हणाला. “आरामात एक वर्ष चालतील. जा बिनधास्त.”

लेकीने माझ्याकडे पाहून भुवया उडवल्या. तेवढ्यात तिला मैत्रिणीचा फोन आला आणि ती बोलत बोलत रस्त्यावर गेली. गाडी तिने स्टँडवर लावली होती. दादा खाली वाकून डाव्या बाजूचा बोल्ट बघायला लागला आणि तोल सांभाळायला त्याने उजवा हात सायलेन्सरवर टेकला.

आम्ही तासभर गाडी चालवत आलो होतो. सायलेन्सर तापलेला होता.

मी “अरे” म्हणणार होते, पण दादा शांतपणे बोलत होता, बोल्टभोवतीचे रबरी बुश अजून छान आहेत म्हणून सांगत होता, त्यामुळे मला वाटलं, निवला असेल. मग वास आला. आधी रबर जळल्यासारखा आणि मग तसा नाही. माझा आवाज कसा निघाला मला माहीत नाही. दादाने वर पाहिलं. माझ्या तोंडाकडे, मग मी जिकडे बघत होते तिकडे, आपल्या हाताकडे. त्याने हात उचलला. तळहातावर आडवा पांढरा पट्टा उमटला होता. दादा त्या पट्ट्याकडे दुसऱ्याचा हात पाहावा तसा पाहत राहिला.

“गरम होतं वाटतं,” तो म्हणाला.

मी त्याला ओढत मोरीत नेलं, नळाखाली हात धरला. तो साधं ‘स्स’सुद्धा म्हणाला नाही. एवढंच म्हणाला, “तिला सांगू नकोस.”

मोरीच्या शेजारी एक मोठा पत्र्याचा ड्रम असतो. काढून टाकलेले जुने शॉक दादा त्यात टाकतो. मी लहान मुलीला घेऊन इथे यायची तेव्हापासून तो ड्रम भरायचा आणि दर दोन-तीन महिन्यांनी भंगारवाला तो रिकामा करून न्यायचा. नळाखाली दादाचा हात धरलेला असताना माझं लक्ष तिकडे गेलं. तळाला सात-आठ शॉक पडलेले. त्यांच्यावर कोळ्याने जाळं विणलेलं, आणि जाळ्यावर इतकी धूळ, की कापडाचा तुकडा वाटावा.

“भंगारवाला कधी आला होता?” मी विचारलं.

“आला होता मागच्या वर्षी कधीतरी. का?”

“काही नाही.”

लेक परत आली तोवर दादाने हाताला फडकं गुंडाळलं होतं. “पाना निसटला,” तो तिला म्हणाला. घरी येताना मी तिच्या मागे बसले होते. रस्त्यात एक खड्डा आला. गाडी खाली गेली, वर आली, आणि माझे पाय क्षणभर पायदानावरून सुटले. लेकीला हे काही जाणवलं नाही. एकटीने चालवायची सवय झालेल्या माणसाला मागचं कळत नाही.

संध्याकाळी मी वहिनीला फोन केला. ती आधी हवापाण्याचं बोलत राहिली. मी सरळ सायलेन्सरचं सांगितलं.

“मला शपथ घातलीय त्यांनी,” ती म्हणाली. “पण तुम्ही बघितलंच आहे, तर मी कशाला लपवू? साखरेमुळे झालंय. आधी पाय गेले. चप्पल रस्त्यात निघून पडते आणि हे अनवाणी घरी येतात. मग बोटं. आता हात. शर्टाची बटणं मी लावते.”

“केव्हापासून?”

“हाताचं म्हणाल तर दीड वर्ष झालं.”

मी फोन ठेवला आणि बराच वेळ स्वयंपाकघरात उभी राहिले. बधिर हाताला झटका लागत नाही. झटका नाही म्हणजे शॉक पास. दीड वर्षात त्या हाताखालून जी जी गाडी गेली असेल ती प्रत्येक पास झाली असणार. चांगली, वाईट, मेलेली, सगळी. ड्रमात भर पडणार कुठून?

बुधवारी मी लेकीला आणि तिच्या मैत्रिणीला अंगणात बोलावलं. पेट्या सामानाने भरलेल्या होत्या, त्या गाडीला लावल्या. माझ्या हातात शिवणाची टेप होती.

“आई, आता हे काय नवीन?”

“मला बरं वाटावं म्हणून. दहा मिनिटं.”

आधी गाडी स्टँडवर, मागचं चाक अधांतरी. चाकाच्या आसापासून सीटखालच्या एका स्क्रूपर्यंतचं अंतर मी मोजलं आणि लिहून ठेवलं. मग स्टँड काढून दोघींना बसवलं, शेजारच्या काकांना हँडल धरायला लावलं आणि पुन्हा मोजलं. मागचं चाक सगळं मिळून दहा सेंटिमीटर वरखाली होऊ शकतं, हे मी गाडीच्या पुस्तकात वाचलं होतं. या दोघी पेट्यांसकट नुसत्या बसल्या तरी त्यातले सव्वासात संपले होते. तीन-साडेतीनपेक्षा जास्त जायला नकोत. खड्ड्यासाठी, वळणावरच्या उंचवट्यासाठी, ब्रेक लावताना चाक जमिनीवर राहण्यासाठी पावणेतीन सेंटिमीटर उरले होते. माझी करंगळी यापेक्षा लांब आहे.

मैत्रीण उतरली आणि म्हणाली, “काकू, म्हणजे काय हो?”

“म्हणजे काही नाही,” लेक म्हणाली. “आईने मागच्या वर्षी गॅसचा वास येतोय म्हणून तीनदा माणूस बोलावला होता. त्याच्या आधी माझ्या मानेवरचा तीळ. त्याच्या आधी लिफ्टची दोरी.”

“हे मी मोजलंय,” मी म्हटलं.

“आणि मामाने दाबून बघितलंय. कुणाचं ऐकू?”

तिचं काही चुकलं नव्हतं. मी आयुष्यभर इतक्या वेळा घाबरले आहे, की माझ्या भीतीला घरात भाव राहिलेला नाही. आणि दादाच्या हाताला आहे. हात मेलाय हे एक वाक्य मी उच्चारलं असतं तर ती थांबली असती. ते वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. पण ते माझं नव्हतं, दादाचं होतं. आणि माझ्याकडे दोन दिवस होते.

गुरुवारी सकाळी मी एकटीच गेले. शटर अर्धं वर होतं. दादा स्टुलावर बसला होता, हाताला पट्टी. समोर कुणाची तरी निळी गाडी उभी होती.

“ही पण पास केलीस का?” मी विचारलं.

त्याने निळ्या गाडीकडे पाहिलं. मग म्हणाला, “बस.”

“सव्वासात बसतेय गाडी. दहापैकी. मी मोजलं.”

“शिंप्याच्या टेपने?”

“दादा, तुझा हात...”

“हाताला थोडं कमी कळतं. थोडं. मान्य. पण कान आहेत, डोळे आहेत, बत्तीस वर्षं आहेत. तुला काय वाटतं, मी माझ्या भाचीला मरायला पाठवीन?” त्याचा आवाज चढला. मग त्याने डावा हात पुढे केला, ज्याला पट्टी नव्हती तो. “हा घे. डोळे मिटतो. ठेव काहीही यावर. नट ठेव, वॉशर ठेव, खिळा ठेव. सांगतो काय आहे ते.”

त्याने डोळे मिटले. बाकावर वॉशरचा डबा होता. मी एक मोठा वॉशर उचलला, चांगला जड, थंड, आणि त्याच्या तळहाताच्या मधोमध ठेवला. माझी बोटं मागे घेतली.

टायरच्या दुकानात हवा भरायचं मशीन धडधडत होतं. दादा डोळे मिटून, हात पसरून बसला होता. त्याच्या चेहऱ्यावर थोडं हसू होतं, पैज जिंकणार असल्यासारखं.

“ठेव ना,” तो म्हणाला.

वॉशर त्याच्या तळहातावरच होता.

“अगं, ठेव की. किती वेळ?”

“ठेवलाय, दादा.”

त्याने डोळे उघडले. वॉशरकडे पाहिलं. हात तसाच पसरलेला ठेवून किती तरी वेळ पाहत राहिला. मग हात तिरका केला. वॉशर जमिनीवर पडला, गोल फिरला आणि आडवा झाला.

“मला वाटलं,” तो सावकाश म्हणाला, “की हात मुरला. पूर्वी दिवसाला दोन तरी नापास व्हायचे. मग कमी व्हायला लागले. मी म्हटलं, कंपन्या चांगला माल करायला लागल्या. रस्ते सुधारले.” तो ड्रमच्या दिशेने बघत होता. “रस्ते कुठे सुधारलेत?”

त्या दिवशी त्याने निळी गाडी बाजूला लावली आणि शटर ओढलं. मग माझ्या फोनवरून लेकीला म्हणाला, “उद्या सुट्टी घे. गाडी घेऊन ये. पेट्यांसकट, मैत्रिणीसकट.”

“का मामा? ठीक आहेत म्हणालास ना?”

“मी म्हणालो. उद्या तू ये.”

शुक्रवारी दोघी आल्या, मी होतेच. दादाने त्यांना एका ओळीत सांगून टाकलं. “माझ्या हाताला काही लागत नाही. मंगळवारी मी तुझे शॉक तपासलेच नाहीत, नुसती सीट दाबली.”

लेक बघतच राहिली. “आणि मला तसंच सोडणार होतास?”

“हो.”

“मामा!”

“तुझ्या आईने मोजलं नसतं तर उद्या पहाटे टाटा केला असता. आता रड नंतर. खाली बस आणि डावा शॉक बघ. दांडीवर काय दिसतंय?”

तिने वाकून पाहिलं. दांडीवर काळा, ओलसर गाळ होता. तेल बाहेर येऊन त्यावर धूळ बसली होती. ते मंगळवारीही तिथेच होतं. बघायला डोळे पुरले असते, पण हात ठेवला की डोळ्यांनी बघायचं नाही ही त्याची बत्तीस वर्षांची सवय.

निवड करायला त्याला फार वेळ लागला नाही. जुने शॉक उघडून नवं तेल, तेल अडवणारे नवे सील घालता आले असते. पण दांडीवर ओरखडे होते, सील महिन्यात फाटले असते, आणि मुळातली स्प्रिंग एका माणसासाठी होती. बाजारात लाल रंगाचे चकचकीत शॉक मिळतात, लेकीला तेच आवडले होते. दादा म्हणाला, “ते गाडीला नाही, फोटोला लावतात.” सगळ्यात कडक स्प्रिंग घालू या, असं मी म्हटलं. तर माझ्यावर उखडला. “कडक म्हणजे मजबूत नव्हे. खड्ड्यावर चाक जमीन सोडून उड्या मारेल. वळणावर चाक हवेत असलं की ब्रेक कुणाला लावशील?” त्याने दोघींना टायरच्या दुकानातल्या मशीनवर उभं केलं, पेट्या उभ्या केल्या, आकडे कागदावर लिहिले. बत्तीस वर्षांत गिऱ्हाइकाचं वजन त्याने पहिल्यांदा लिहिलं असेल. मग त्या वजनाला बसेल अशी स्प्रिंग असलेली जोडी, खाली भार कमी-जास्त करायची चकती असलेली, त्याने शहराच्या दुसऱ्या टोकाहून मागवली. जोडीच हवी. एक नवा आणि एक जुना घातला तर गाडी लंगडते.

काम लेकीने केलं. दादा मागे हात बांधून उभा राहून सांगत होता. गाडी मेन स्टँडवर. मागच्या चाकाखाली लाकडाचा ठोकळा, म्हणजे शॉक काढल्यावर चाक खाली लोंबणार नाही. एका वेळी एकच बाजू. आधी खालचा बोल्ट, मग वरचा. जुना शॉक हातात आला तेव्हा तिने दांडी दाबून पाहिली. ती आत गेली आणि आतून चिखलात पाय पडल्यासारखा आवाज आला. दादाने मान फिरवली. नवा बसवताना त्याने वॉशरचा क्रम तिच्याकडून तीनदा म्हणवून घेतला. शेवटी टॉर्कचा पाना. ठरलेल्या जोराला तो ‘कट्’ असा वाजतो. “तेवढं मला ऐकू येतं,” दादा म्हणाला. कुणी हसलं नाही.

पण जुने शॉक काढण्याआधी आणि नवे बसवल्यावर, दोन्ही वेळा त्याने सीट दाबायला मला लावलं. जुन्यावर माझ्या तळहाताला खालून झटका बसला. स्पष्ट, उद्धट. मला इतका लागला, तर त्याच्या पूर्वीच्या हाताला तो किंचाळीसारखा लागला असता. नव्यावर सीट खाली गेली, वर आली आणि थांबली.

“काय?” तो माझ्या चेहऱ्याकडे बघत होता.

“काही लागलं नाही.”

“नक्की?”

“नक्की, दादा.”

“टेप आण,” तो म्हणाला.

दोघी पेट्यांसकट बसल्या, मी मोजलं. तीन सेंटिमीटर आणि दोन मिलिमीटर. त्याने चकती एक घर पुढे घ्यायला लावली. तीन. मग लेकीला जवळ घेतलं आणि तिच्या डोक्यावर टपली मारली, नेहमीपेक्षा जोरात. बहुतेक त्याला अंदाज आला नाही. ती डोकं चोळत राहिली.

शनिवारी पहाटे त्या दोघी गेल्या. कोपऱ्यावरचा गतिरोधक गाडीने कसा ओलांडला ते मी गच्चीतून पाहिलं. संध्याकाळी फोन आला, पहिला घाट उतरलो, जेवतोय, मामाला सांग मागे बसणाऱ्यांची तक्रार नाही.

आज, रविवारी, दादा सकाळी सातलाच माझ्याकडे आला. हातात फोन. “मला नंबर लावता येत नाहीत,” तो म्हणाला. “बोट कुठे पडतं कळत नाही. भलत्यालाच लागतो. तू लाव.”

त्याच्या फोनमध्ये माणसांची नावं नव्हती. लाल टाकी. जुळे भाऊ. डबल हॉर्न. बँकेची गाडी. दीड वर्षात येऊन गेलेले त्याने आठवून आठवून सांगितले, त्यातले ज्यांचे नंबर होते ते एकोणचाळीस झाले. मी नंबर लावायची, तो बोलायचा. प्रत्येकाला तेच. “गाडी घेऊन या. मी पास केली होती ती चूक होती. नाही, थट्टा नाही. तोपर्यंत मागे कुणाला बसवू नका.” लाल टाकीवाला चिडला. जुळ्या भावांपैकी एकाने शिवी दिली. ‘बँकेची गाडी’वाल्याने ती केव्हाच विकली होती, कुणाला ते त्याला आठवत नव्हतं. दादाने तरीही त्याला तीन वेळा विचारलं.

दुपारी आम्ही ‘चष्मेवाला’पाशी आलो. चष्म्याचं दुकान चालवणारा माणूस, बायकोला घेऊन फिरतो, दर वर्षी लांब जातो. महिन्याभरापूर्वी दादाने त्याची गाडी दाबून सोडली होती. त्याचा फोन बंद लागला. दुकानाचा लावला. तो एका म्हाताऱ्या बाईंनी उचलला. आई होत्या त्याच्या. दादाने मला खूण केली, तूच बोल.

“ती दोघं कालच गेली हो,” त्या म्हणाल्या. “डोंगरात. मी दुकान सांभाळतेय. काही निरोप आहे का?”

“गाडीवर गेलेत?”

“हो ना. ऐकतात कुठे! सगळं घर पाठीवर बांधून नेलंय.” मग त्यांचा आवाज बदलला. “का? काळजीचं काही आहे का, बाई?”

मी दादाकडे पाहिलं. पट्टी बांधलेले दोन्ही हात त्याने मांडीवर ठेवले होते. डावा त्याने काल रात्री चहाच्या तापलेल्या भांड्याला लावला होता. मला आयुष्यभर सगळ्यांनी ‘काही नाही’ म्हणून सांगितलं आहे, आणि त्यातलं बरंच खरंही होतं.

“आहे,” मी म्हटलं. “त्यांना जमेल तसा निरोप पोचवा. उतरले असतील त्या ठिकाणी फोन करा. गाडी पुढे नेऊ नका म्हणावं. मागचे शॉक खराब आहेत.”

“कोण म्हणतं? ती तर तपासून नेली. त्या काट्याने तपासली.”

दादा पुढे वाकला, फोनजवळ तोंड नेलं. “मीच काटा बोलतोय,” तो म्हणाला. “मी नाही तपासली.”

 मग त्या बाई म्हणाल्या, बघते, आणि फोन ठेवला. त्यानंतर आम्ही उरलेले सगळे नंबर लावले. चष्मेवाल्याचा दर अर्ध्या तासाने लावला. बंद.

आता रात्रीचे साडेबारा वाजलेत. दादा घरी गेला नाही. समोरच्या खोलीत दिवा लावून बसलाय, फोन गुडघ्यावर ठेवून. घरात सगळे झोपलेत म्हणून मी फोनचा आवाज बंद करून दिला होता, नुसता थरथरेल असा. त्याने परत चालू करायला लावला. तरी तो पापणी न लववता त्या काळ्या काचेकडे बघत बसलाय.